ऑगस्ट महिना आणि आपली नावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाचा वर्धापनदिन ऑगस्टात येतो. तेव्हा 'जगाच्या इतिहासात ऑगस्ट महिन्यात काय काय घडले' यावर मी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. मी काही इतिहासाची अभ्यासक नव्हे. जन्मभर शाळेत मुलांना सनावळ्या पाठ करायला लावल्या, एवढीच माझी पुंजी. पण मंडळाची आज्ञा मोडवत नाही, म्हणून वाचनालयातून पुस्तके आणली, वही घेतली आणि पहिल्या तारखेपासून टिपणे काढू लागले.

आरंभ या महिन्याच्या नावापासूनच करते. रोमन लोकांचे वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू होई. त्या हिशेबाने हा सहावा महिना, म्हणून त्याला 'सेक्स्टिलिस' म्हणत. इसवी सनापूर्वी ८ या वर्षी रोमच्या सीनेटने ते नाव पुसले आणि सम्राट ऑगस्टस याचे नाव महिन्याला दिले. पुढे इ. स. १४ मध्ये तो वारला, तोही याच महिन्यात, १९ तारखेला. त्याला जाऊन दोन हजार वर्षे झाली. पण अजून आपण दुधाचा हिशेब लिहिताना, विजेचे बिल भरताना त्याचे नाव घेतोच. एका माणसाच्या नावाला केवढे हे भाग्य!

पुढे टिपणे भराभर होत गेली. १ ऑगस्ट १९२०, लोकमान्य टिळकांचे निधन. ४ ऑगस्ट १९१४, इंग्लंड पहिल्या महायुद्धात उतरले. १३ ऑगस्ट १९६१, बर्लिन शहर दुभंगणारी भिंत उभी राहू लागली. १५ ऑगस्टची तर गंमतच. १९४७ साली याच तारखेला आपण स्वतंत्र झालो, हे शेंबडे पोरही सांगेल. पण त्याच्या पाचच वर्षे आधी, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई कैदेत वारले. तारीख तीच; एका वर्षी डोळ्यांत पाणी, दुसऱ्या वर्षी दारी तोरण. तेव्हा तारीख शुभ नसते की अशुभ नसते. माणसे तिला जे देतात ते तिच्या पदरात पडते, हे त्या वहीने मला प्रथम शिकवले.

वहीची चार पाने भरली आणि मी ती वाचून पाहिली. सम्राट, सेनापती, पंतप्रधान, पुढारी, नावेच नावे. आणि त्यांत बाईचे नाव एकही नव्हते. ते वाचता वाचता मला माझ्या आजीची आठवण झाली. ती गोष्ट आधी सांगते, कारण पुढचे सारे तिच्याशी बांधलेले आहे.

माझे आजोळ इंदूरचे. स्वराज्य आल्यावर तो मुलूख मध्यभारत या राज्यात मोडत असे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदारांच्या याद्या करायला माणसे दारोदार फिरत होती. आमच्या आजोबांच्या वाड्यातही एक गृहस्थ आले. पुरुषांची नावे लिहून झाली. मग त्यांनी विचारले, "घरातील बायकांची नावे?" आजी माजघराच्या दाराआड उभी होती. परक्या पुरुषाला आपले नाव कसे सांगायचे? ती म्हणाली, "दत्तूची आई." गृहस्थांनी पुन्हा विचारले. आजीने पुन्हा तेच सांगितले. त्यांनी तसेच लिहून घेतले आणि ते गेले.

पुढे मतदानाचा दिवस आला. आजीने पहाटे उठून स्वयंपाक उरकला, ठेवणीतले लुगडे नेसली आणि शेजारणींबरोबर केंद्रावर गेली. यादीत तिचे नाव नव्हते. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशा नोंदी काढून टाकलेल्या होत्या. आजी परत आली, लुगड्याची घडी करून ठेवली आणि चुलीपुढे बसली. आईला ती एवढेच म्हणाली, "एका नावापायी राहिले गं!"

लहानपणी ही गोष्ट आम्ही हसत हसत ऐकत असू. आजीचा वेंधळेपणा, एवढेच आम्हाला वाटे. पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आले की, त्या निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे ८ कोटी स्त्री-मतदार होत्या आणि त्यांतल्या जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावे याच कारणासाठी यादीतून गळाली. त्यांनी आपले स्वतःचे नाव सांगितलेच नाही. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्यभारत या भागांत हे अधिक घडले. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांचा आग्रह होता की, नुसत्या नात्यावर नोंद होणार नाही. बाईने स्वतःचे नाव सांगितले पाहिजे. तेव्हा तो कठोरपणा वाटला असेल. आज मला वाटते, त्या माणसाने आपल्यावर उपकारच केले. हक्क दत्तूच्या आईचा नव्हता. तो त्या बाईचा होता.

आता पुन्हा ऑगस्टकडे वळते. मी वही नव्याने उघडली आणि या महिन्यात बाईचे नाव कोठे सापडते, ते शोधू लागले.

पहिले नाव सापडले अमेरिकेत. स्त्रियांना मताचा हक्क देणारी घटनादुरुस्ती तेथील काँग्रेसने १९१९ साली मंजूर केली. पण ती पक्की व्हायला ४८ पैकी ३६ राज्यांची संमती हवी होती. ३५ राज्ये झाली आणि गाडे अडले. शेवटी सारा भार टेनेसी राज्यावर आला. १८ ऑगस्ट १९२० रोजी तेथील प्रतिनिधिगृहात मते पडू लागली. हक्काच्या बाजूचे लोक पिवळा गुलाब लावून आले होते, विरोधक तांबडा. ठराव बाजूला सारावा की नाही, यावर ४८ विरुद्ध ४८ अशी समसमान मते पडली. हॅरी बर्न नावाचा चोवीस वर्षांचा एक सभासद होता, सर्वांत तरुण. त्याच्या कोटाला तांबडा गुलाब होता. पण खिशात आईचे पत्र होते. फेब बर्न हे त्या माउलीचे नाव. नवरा वारलेला, नायोटा नावाच्या लहानशा गावी शेतीवाडी सांभाळून राहणारी, वर्तमानपत्र नेमाने वाचणारी बाई. सात पानांच्या त्या पत्रात घरच्या बातम्या होत्या आणि मध्येच सांगितले होते की, बाळ, या स्त्रियांच्या बाजूने मत दे, लोकांना संशयात ठेवू नकोस. अंतिम मतदानात हॅरीचे नाव पुकारले गेले आणि तो 'हो' म्हणाला. ठराव तरला. पुढे २६ ऑगस्टला तो कायदा म्हणून जाहीर झाला. हॅरीने दुसऱ्या दिवशी सभागृहात कारण सांगितले: मुलाने आईचा सल्ला मानावा, हेच सर्वांत बरे.

भगिनींनो, आपणही मुलांना पत्रे लिहीत असू. आता फोनवर निरोप धाडतो. जेवलास का, तब्येत कशी आहे, पैसे पोहोचले का. देशाच्या कारभाराविषयी आपण त्यांना काही सांगतो का? 'आपल्याला काय त्यातले कळते' असे म्हणून आपणच विषय बदलतो. फेबबाईने विषय बदलला नाही.

परंतु गोष्ट येथे संपली असे मात्र समजू नका. कायदा झाला तरी दक्षिणेतील राज्यांत काळ्या स्त्रियांना, आणि पुरुषांनाही, कर, परीक्षा आणि धाकदपटशा यांच्या योगे मतपेटीपासून दूरच ठेवले जाई. तो अडसर काढणारा मताधिकाराचा कायदा व्हायला १९६५ साल उजाडले. त्यावर सही झाली ती तारीख होती ६ ऑगस्ट. एकाच महिन्यातल्या दोन तारखा. पण मधली वाट पंचेचाळीस वर्षांची!

दुसरे नाव आपल्या मुंबईचे. ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री गवालिया टँकच्या मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि ९ तारखेच्या पहाटे पुढारी पकडले गेले. मैदानावर झेंडा कोण लावणार? अरुणा असफ अली पुढे झाल्या आणि त्यांनी तिरंगा फडकवला. त्याच संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत कस्तुरबा बोलणार होत्या. त्यांनाही अटक झाली. त्या आगाखान पॅलेसमधून जिवंत परतल्या नाहीत. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले.

याच ऑगस्टात, २७ तारखेला, मुंबईतून एक चोरटे नभोवाणी केंद्र बोलू लागले. वर्तमानपत्रांवर बंधने असताना चळवळीच्या खऱ्या बातम्या लोकांना त्यावरून कळत. त्यामागे उषा मेहता ही बावीस वर्षांची विद्यार्थिनी आणि तिचे सोबती होते. पोलिसांना पत्ता लागू नये म्हणून केंद्राचे बिऱ्हाड सारखे हलवीत. नोव्हेंबरच्या १२ तारखेला ती पकडली गेली. तपासात तिने तोंड उघडले नाही आणि चार वर्षांची शिक्षा सोसली. आजीही बोलली नाही आणि उषाताईही बोलल्या नाहीत. पण दोघींच्या गप्प राहण्यात केवढे अंतर! उषाताईंचे मौन त्यांनी स्वतः ठरवलेले होते, आजीचे मौन रूढीने ठरवलेले होते. उषाताई पुढे प्राध्यापक झाल्या, १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि ११ ऑगस्ट २००० रोजी त्या वारल्या. महिना तोच.

तिसरी गोष्ट दक्षिण आफ्रिकेची, आणि तारीख पुन्हा ९ ऑगस्ट, साल १९५६. तेथील गोऱ्या सरकारने काळ्या माणसांना 'पास' नावाचे पुस्तक जवळ बाळगण्याची सक्ती केली होती. त्यात नाव, फोटो, नोकरी, कोठे राहायची परवानगी, सारे लिहिलेले. ते जवळ नसले की सरळ कोठडी. पुरुष हे सोसतच होते. आता ते जोखड बायकांच्याही मानेवर येणार होते. तेव्हा गावोगावच्या सुमारे २०,००० स्त्रिया प्रिटोरियात सरकारी कचेरीवर चालून गेल्या. दिवस गुरुवारचा निवडला, कारण घरकाम करणाऱ्या बायकांना त्या दिवशी सुट्टी असे. कित्येकींच्या पाठीशी तान्ही मुले बांधलेली. पुढे होत्या लिलियन न्गोयी, हेलन जोसेफ, रहिमा मूसा आणि सोफिया विल्यम्स: एक काळी, एक गोरी, एक हिंदी वंशाची आणि एक मिश्र वंशाची. पंतप्रधान स्ट्रायडम भेटले नाहीत. सह्यांचे गठ्ठे त्यांच्या कचेरीत ठेवून त्या बाहेर आल्या आणि वीस हजार बायका अर्धा तास एक शब्दही न बोलता उभ्या राहिल्या. एवढ्या बायका आणि अर्धा तास गप्प, हे ऐकून आपल्या घरचे पुरुष हसतील; पण त्या दिवशी तेथे कोणाला हसू आले नसेल.

मग त्यांनी गाणे म्हटले. त्या गाण्यात बाईला दगडाची उपमा आहे. आणि मूळ शब्द साध्या दगडाचा नाही, तर धान्य वाटण्याच्या दगडाचा आहे. आपल्याकडे वरवंटा म्हणावा तसा. मला ही उपमा फार आवडली. वरवंटा रोज झिजतो, पण फुटत नाही.

या गोष्टीने मला थोडे विचारात पाडले. मी तर नाव लिहिण्याचा आग्रह धरून बसले होते. आणि येथे बायका आपले नाव त्या पुस्तकात लिहू देत नव्हत्या! मग ध्यानात आले की, नाव कोण लिहितो आणि कशासाठी लिहितो, हे महत्त्वाचे. सरकारने पासावर लिहिलेले नाव म्हणजे बेडी होती. त्यांनी अर्जावर आपल्या हाताने केलेली सही म्हणजे त्यांचा आवाज होता. त्या मोर्च्याने कायदा लगेच थांबला नाही. पुढे बायकांवरही पासाची सक्ती झालीच, आणि तो कायदा रद्द व्हायला १९८६ साल उजाडले. पण आज त्या देशात ९ ऑगस्ट हा राष्ट्रीय महिला-दिन म्हणून पाळतात आणि सर्वांना सुट्टी असते.

चौथी गोष्ट सांगताना मन जड होते. पण ती टाळून ऑगस्टविषयी बोलता येणार नाही. ६ ऑगस्ट १९४५, सकाळचे सव्वाआठ. हिरोशिमावर अणुबाँब पडला. ९ तारखेला नागासाकीवर. हिरोशिमात त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे दगावली. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळी जागा करण्याच्या कामावर त्या सकाळी शाळांतील हजारो मुलेमुली लावलेल्या होत्या, बारा-तेरा वर्षांच्या. त्यांतल्या पुष्कळ घरी आल्याच नाहीत. माझ्या वर्गात त्याच वयाच्या मुली बसत. मला ती वाक्ये दोनदा वाचवली नाहीत.

त्या ठिकाणी १९५२ साली एक स्मारक उभारले. त्याच्या कमानीखाली दगडी पेटी आहे आणि पेटीत नोंदवह्या आहेत. बाँबच्या वेळी किंवा त्याच्या परिणामाने पुढे वारलेल्या प्रत्येक माणसाचे नाव त्यांत हाताने लिहितात. दर वर्षी ६ ऑगस्टला, मागील वर्षात जे गेले असे कळले त्यांची नावे घातलेल्या वह्या पेटीत ठेवतात. आज त्यांत तीन लाखांहून अधिक नावे आहेत. आणि एक वही अशी आहे की, तिच्यात नावेच नाहीत. ज्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठी ती कोरी ठेवली आहे.

त्या कोऱ्या वहीपाशी मी थांबले. तेथे वणव्यात नावे जळाली. आपल्याकडे कोणता वणवा लागला होता, की माझ्या आजीचे माहेरचे नाव आज आमच्या घरात कोणालाही सांगता येत नाही? लग्नात तिचे नाव बदलले. पुढे ती सूनबाई झाली, मग दत्तूची आई, मग नुसती आजी. मी माझ्या आईला एकदा विचारले होते. तिलाही आठवेना.

आपल्या खानदेशातील बहिणाबाई चौधरी १८८० सालच्या ऑगस्टातच जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात सुचलेली गाणी मुलाने आणि नात्यातल्या माणसांनी उतरवून घेतली, म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघाले आणि नाव राहिले. कोणी उतरवून घेतलीच नसती तर? अशा किती बहिणाबाई जात्याबरोबरच मुक्या झाल्या असतील!

आता मी घरच्या गोष्टीकडे येते, आणि माझ्याकडून झालेली एक चूक आपल्यापुढे कबूल करते. बारा वर्षे मी या मंडळाची चिटणीस होते. सभासदांची यादी माझ्याच अक्षरात आहे. परवा ती काढून पाहिली. 'सौ. कुलकर्णी', 'सौ. पाटील', 'सौ. पाटील (वरचा मजला)', 'जोशीवहिनी', 'डॉक्टरीणबाई'. वर्गणी चोख लिहिली आहे, पैशापैशाचा हिशेब जुळतो. नावे मात्र नाहीत. आजीची यादी करणाऱ्या गृहस्थांनी निदान दोनदा विचारले तरी होते. मी एकदाही विचारले नाही.

मागील वर्षी आपल्या काकू गेल्या. तीस वर्षे दिवाळीच्या फराळाचे काम त्यांनी अंगावर घेतले. कोणाच्या चिवड्यात मीठ कमी आणि कोणाच्या चकलीत मोहन जास्त, हे त्या नुसत्या वासावरून सांगत. शोकठराव लिहायला मी कागद घेतला आणि 'कैलासवासी' या शब्दापुढे हात थांबला. काकूंचे नाव काय? त्या खोलीत आम्ही अकराजणी होतो. एकीलाही सांगता आले नाही. शेवटी त्यांच्या मुलीला फोन करून विचारले. ती क्षणभर काही बोलली नाही. मग तिने नाव सांगितले. त्या क्षणभराची लाज अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

म्हणून आजच्या दिवशी माझी मंडळाला एकच विनंती आहे. मागे त्या मेजावर एक नवी वही ठेवली आहे. चहाला जाण्यापूर्वी प्रत्येकीने तिच्यात आपल्या हाताने आपले संपूर्ण नाव लिहावे. आडनाव कोणते लावायचे, आईचे नाव घालायचे की नवऱ्याचे, 'सौ.' लावायचे की नाही, हे जिचे तिने ठरवावे. मंडळ त्यात पडणार नाही. माहेरचे नाव वेगळे असेल आणि ते राहावे असे वाटत असेल, तर कंसात तेही लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नाव मोठ्याने सांगावे; आम्ही लिहून घेऊ आणि वाचून दाखवू. आणि येत्या स्मरणिकेत सभासदांची यादी छापायची ती या वहीवरून. पहिल्या पानावर, आपल्यांतून गेलेल्यांच्या नावांत, काकूंचे नाव मी आजच लिहून ठेवले आहे.

सम्राटाला आख्खा महिना मिळाला. आपल्याला वहीतली एक ओळ पुरे. पण ती ओळ आपली असावी, आणि आपल्या हातची असावी.

 काही अधिक-उणे बोलले असेन तर पोटात घालावे. चहा निवतो आहे. पण आधी वही, मग चहा!